टीव्हीची पिन काढ!

मुलांनो, वैशाखातली एखादी दुपार आठवून पाहा. ऊन रणरणतंय. लिंबाचं पानसुद्धा हलत नाही. आणि चार वाजायच्या सुमाराला अचानक गार वारा सुटतो, धुरळा उडतो, बघता बघता आभाळ काळंभोर होतं. वळीव आला! मग शिरूर असो की दौंड, वाडी असो की वस्ती, घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "अरे, टीव्हीची पिन काढ!"

तुम्ही कुरकुरत उठता. कारण मॅच अगदी रंगात आलेली असते. पण कधी विचार केलाय का, वीज चमकते तिकडे आभाळात, मग पिन इकडे घरातली का काढायची? बटण बंद केलं तर नाही का चालणार? आणि टीव्ही जळतो, मग शेजारी टेबलावर नुसता ठेवलेला मोबाईल कसा काय सुखरूप राहतो?

प्रश्न साधे वाटतात, पण त्यांची उत्तरं शोधायला निघालो, तर आपल्याला मुंबईच्या कुलाब्याला जावं लागेल, नारायणगावजवळच्या खोडदला जावं लागेल आणि थेट सूर्यापर्यंतही एक फेरी मारावी लागेल. चला तर मग!

न शिवता बसणारा धक्का

तुमच्या आजोबांच्या सायकलला डायनॅमो होता का? चाकाला घासून तो फिरायचा आणि पुढचा दिवा लागायचा. डायनॅमोच्या आत एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. चुंबक तारेला शिवतसुद्धा नाही, नुसता तिच्याजवळ फिरतो. तरी तारेत वीज तयार होते. ही गंमत मायकेल फॅरडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधून काढली. हे फॅरडेसाहेब गरीब लोहाराचे चिरंजीव. लहानपणी पुस्तकं बांधायच्या दुकानात काम करायचे आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता शिकले!

फॅरडेचा नियम आपल्या भाषेत सांगायचा तर असा : तारेभोवतीचं चुंबकत्व बदललं की तारेत वीज वाहू लागते. जितक्या झपाट्याने बदलेल, तितका धक्का मोठा.

आता आकाशातली वीज बघा. एका लोळातून साधारण तीस हजार अँपिअर प्रवाह जातो आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. एवढा मोठा प्रवाह इतक्या घाईने सुरू होतो आणि संपतो, तेव्हा आजूबाजूचं चुंबकत्व केवढं हिसका खात असेल! हा हिसका हवेतून चारी दिशांना पसरतो. त्याला शास्त्रज्ञ म्हणतात 'विद्युतचुंबकीय स्पंद'. नाव अवघड आहे, म्हणून आपण त्याला 'हिसका'च म्हणू या.

या हिसक्याला लांब तार सापडली की त्याचं फावतं. तार जितकी लांब, तितकी वीज तिच्यात जास्त गोळा होते. आणि आपल्याकडे लांब तारांना काय तोटा? घोड नदीच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत, उसाच्या फडांवरून, बाजरीच्या रानांवरून खांबांच्या रांगाच रांगा गेल्यात. वीज दूरच्या माळावर पडली तरी तिचा हिसका त्या तारांवर चढतो आणि तारेच्या वाटेने घरात येतो. मीटरमधून बोर्डात, बोर्डातून पिनेत, पिनेतून टीव्हीत. तिथे हजारो व्होल्टचा दणका बसतो आणि खेळ खलास!

म्हणजे कळलं ना? टीव्हीचा खरा शत्रू आभाळातून उडी मारून येत नाही. तो तारेच्या रस्त्याने चालत येतो. पिन काढली की रस्ताच तुटतो.

आणि नुसतं बटण बंद करून का भागत नाही? बंद बटणाच्या आत दोन पत्र्यांमध्ये काही मिलिमीटरचीच फट असते. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून येते, तिला ती फट म्हणजे उंबरठासुद्धा नाही!

कुलाब्याची सुई

आता मुंबईला जाऊ. कुलाब्याला ब्रिटिशांच्या काळात एक वेधशाळा होती. पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, हे तुम्ही शिकला आहात. त्या चुंबकाचा जोर किती आहे, तो बदलतो का, हे सुईवरून मोजायचं काम कुलाब्याला चालायचं. तिथले कर्मचारी दर तासाला डोळ्यांनी पाहून आकडे वहीत लिहायचे. कंटाळवाणं काम! आकडा कालच्यासारखाच, परवासारखाच. तरीही ते लिहीत राहिले.

आणि २ सप्टेंबर १८५९ ला सकाळी सुई एकाएकी बिथरली. पृथ्वीचं चुंबकत्व झरझर खाली आलं, ते सुमारे १६०० नॅनोटेस्लाने. हे एकक तुम्हाला नवीन असेल. एवढंच लक्षात ठेवा की रोजचा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो.

झालं काय होतं? आदल्या दिवशी, १ सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलशास्त्रज्ञ सूर्याचे डाग काढत बसला होता. डागांजवळ त्याला पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट दिसला. सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता. त्यातून उधळलेला विद्युतभारित कणांचा लोट सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर येऊन आदळला आणि पृथ्वीचं चुंबकत्व हादरलं. यालाच सौर वादळ म्हणतात.

त्या वेळी ना टीव्ही होता, ना मोबाईल. पण लांब तारा मात्र होत्या, तारायंत्राच्या! अमेरिकेत आणि युरोपात त्या तारांमध्ये आपोआप वीज वाहू लागली. काही ऑपरेटरांना धक्के बसले. बोस्टन आणि पोर्टलँडच्या तार मास्तरांनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातल्या विजेवर निरोप पाठवले!

इतर अनेक वेधशाळांमध्ये त्या दिवशी सुईची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याची नोंद मात्र शाबूत राहिली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी ते वादळ नेमकं केवढं होतं याचा हिशेब मांडला, तेव्हा याच वहीचा आधार घेतला. बघा, रोजचं काम नेटाने करणाऱ्यांची वही किती वर्षांनी उपयोगी पडते!

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने सुया हलल्या असत्या. म्हणून हे काम अलिबागला हलवलं गेलं आणि १९०४ पासून तिथे लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत नोंदी होऊ लागल्या. अलिबागची वेधशाळा आजही काम करते.

हिसक्यांची तीन भावंडं

विजेचा हिसका पाहिला, सूर्याचा पाहिला. तिसरा माणसाने स्वतःच तयार केला.

९ जुलै १९६२ ला अमेरिकेने प्रशांत महासागरावर, तब्बल ४०० किलोमीटर उंचीवर, एक अणुचाचणी केली. तिथून हवाई बेटांवरचं होनोलुलू शहर सुमारे १४०० किलोमीटर दूर. म्हणजे आपण पुण्याहून रस्त्याने दिल्लीला जावं, जवळजवळ तेवढं! तरीही होनोलुलूच्या रस्त्यांवरचे सुमारे तीनशे दिवे गेले. स्फोटातून निघालेल्या गॅमा किरणांनी हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावले, ते पृथ्वीच्या चुंबकत्वात वळले आणि त्यातून एक जबरदस्त हिसका तयार झाला. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, हवेत आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही त्यावर सही केली.

या अणुहिसक्यात तीन हिसके एकामागून एक येतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. थोरला भलताच चपळ. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत येऊन जातो. याला फार लांब तार लागत नाही, आणि आजच्या चिपमधल्या केसापेक्षा कितीतरी बारीक वाटांना याचीच भीती जास्त. आजोबांच्या काळातले काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ त्यामानाने दणकट! मधला असतो आपल्या वळवाच्या विजेसारखा. आणि धाकटा अगदी सुस्त, मिनिटामिनिटांनी हलणारा, सौर वादळासारखा. त्याला शेकडो किलोमीटर लांबीच्या तारा लागतात, तेव्हाच तो जोर धरतो.

१३ मार्च १९८९ ला या सुस्त भावंडाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताला दणका दिला. सौर वादळामुळे तिथली सगळी वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. पण घराघरातली घड्याळं, कॅल्क्युलेटर, ट्रान्झिस्टर जळले का? नाही. कारण त्यांना लांब तारा जोडलेल्याच नव्हत्या.

म्हणून मुलांनो, 'उद्या सौर वादळ येणार, सगळ्यांचे मोबाईल जळणार' असा व्हिडिओ कुणी दाखवला तर घाबरू नका. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं होतं. लडाखमधल्या हानले इथे आकाशात तांबडा प्रकाश दिसला. आपले मोबाईल मात्र जसेच्या तसे! शिवाय सूर्यावर नजर ठेवायला आपलं आदित्य-एल१ यान पंधरा लाख किलोमीटरवर तैनात आहे. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने तयार केली आहे. हे यान निघालं कधी माहीत आहे? २ सप्टेंबर २०२३ ला. कुलाब्याची सुई बिथरली, त्याच तारखेला!

जाळीचा आरसा

रस्ता तोडायचा हे कळलं. पण जी यंत्रं बंद ठेवून चालतच नाही, त्यांचं काय? त्यासाठी पुन्हा फॅरडेसाहेबांकडेच जाऊ. १८३६ साली त्यांनी माणूस आत बसेल एवढी खोली केली, तिला बाहेरून धातूचा पत्रा लावला आणि त्यावर विजेच्या ठिणग्या सोडल्या. आत बसलेल्या फॅरडेंना काहीच झालं नाही! वीज धातूच्या बाहेरून बाहेरूनच वाहून गेली. अशा खोलीला किंवा खोक्याला 'फॅरडेचा पिंजरा' म्हणतात. पिंजरा म्हणजे भोकं आलीच. मग भोकांतून हिसका आत का शिरत नाही?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला उभं आहे. तिथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. एकूण तीस अँटेना, प्रत्येक ४५ मीटर रुंद. सहल गेली तर नीट बघा. त्या प्रचंड थाळ्या अखंड पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत! जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. वारा त्यातून आरपार जातो, म्हणून थाळीवर त्याचा भार कमी पडतो. पण अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी लांबलचक असतात, वीतभरापासून काही मीटरपर्यंत. त्यांना ती बारीक भोकं दिसतच नाहीत. त्यांच्या लेखी तो गुळगुळीत आरसाच!

नियम असा : भोक लहरीपेक्षा खूप लहान असेल, तर लहर आत शिरत नाही.

खोडदला आणखी एक गंमत आहे. तिथली संगणकयंत्रं फॅरडेच्या पिंजऱ्यासारख्या बंदिस्त खोलीत ठेवली आहेत. बाहेरचा हिसका आत येऊ नये म्हणून नव्हे, तर यंत्रांचा 'गोंगाट' बाहेर जाऊन दुर्बिणीला त्रास होऊ नये म्हणून! पिंजरा दोन्ही बाजूंनी काम करतो. आणि अँटेनांचे निरोप आत येतात ते तांब्याच्या तारेतून नव्हे, काचेच्या बारीक धाग्यातून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणजे निरोपाची वाट चालू, विजेची वाट बंद!

डब्याचा प्रयोग

हा प्रयोग आम्ही वर्गात केला. तुम्हीही मोठ्यांना विचारून करा. मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. आमच्या डब्यात फोन खणखणीत वाजला आणि सगळा वर्ग हसला! कारण झाकणाच्या कडेला फट राहते. मोबाईलच्या लहरी जेमतेम वीतभर लांब, त्या फटीतून शिरतात. मग पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घ्या. फोनला दोन-तीन पदर असे गुंडाळा, की कुठेच फट राहणार नाही. आता रिंग द्या. फोन गप्प!

तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग डब्याला भोक पाडून चार्जरची वायर आत घातली तर?"

शाब्बास! इथेच सगळं मर्म आहे. बाहेरून आलेली एक वायर म्हणजे पिंजऱ्याचं उघडं दार. किल्ल्याची तटबंदी कितीही भक्कम असू दे, दिंडी दरवाजा उघडा राहिला तर उपयोग काय? म्हणून महत्त्वाच्या यंत्रांच्या पिंजऱ्यात शिरणाऱ्या प्रत्येक तारेवर पहारेकरी ठेवावा लागतो.

असा एक पहारेकरी म्हणजे 'सर्ज प्रोटेक्टर'. घोड धरणात पाणी फार चढलं की दारं उघडून ते नदीत सोडतात ना, तसाच हा. व्होल्टेज ठीक असेल तोवर गप्प बसतो. ते फार चढलं की आपलं दार उघडतो आणि जास्तीची वीज जमिनीकडे वळवतो. पण वीज नेमकी घरावरच कोसळली, तर हा बिचारा पुरा पडत नाही.

आणि जमिनीकडे वळवायला जमिनीपर्यंतची वाट हवी. तीच अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन बघा, ती जरा लांब असते. कारण ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ओल धरून ठेवायला. आपल्या भागात उन्हाळ्यात जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि वळवाच्या विजा येतात त्याच दिवसांत. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला मोठ्यांना आठवण करा.

मग आपण काय करायचं?

आपल्या भागातल्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणीतून टीव्ही, संगणक, प्रोजेक्टर घेतलेत. कुणी शंभर रुपये दिले, कुणी उसाच्या बिलातून हजार. शनिवारी शाळा सुटते, पिना तशाच बोर्डात राहतात आणि रविवारी वळीव येतो. मग दुरुस्तीला पैसे जमेपर्यंत मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसतात. म्हणून वर्गात एक 'पिनमंत्री' नेमा! त्याची कामं अशी :

शाळा सुटताना सगळ्या पिना काढायच्या. नुसती बटणं बंद करून थांबायचं नाही.

टीव्हीला दोन वाटा असतात, विजेची आणि छतावरच्या छत्रीच्या केबलची. इंटरनेटच्या डब्यालाही तसंच. दोन्ही वाटा तोडायच्या.

हे सगळं ढग जमायला लागले की करायचं. गडगडाट डोक्यावर आला की पिनेला, वायरीला, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावायचा नाही. टीव्ही गेला तर नवा येईल.

मोबाईल वीज खेचतो, हे खरं नाही. पण चार्जिंगला लावलेला मोबाईल तारेला जोडलेला असतो. त्यावर तेव्हा बोलू नका.

शेवटी सगळ्यांत मोलाची गोष्ट सांगते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, अशी सरकारी नोंद आहे. यंत्रांना पिन असते, ती काढता येते. माणसाला तशी सोय नाही. म्हणून वीज चमकली की सेकंद मोजा. तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला तर वीज एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, की रानातून पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणापाशी नको. घर लांब असेल तर बंद गाडी किंवा एसटी चालेल. तिचा पत्रा म्हणजे चाकांवरचा फॅरडेचा पिंजराच! मात्र उघड्या ट्रॅक्टरवर बसू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप केलंय. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये विजेचा धोका असेल तर ते सूचना देतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर ते घालून द्या. ते काम तुम्हाला त्यांच्यापेक्षा लवकर जमेल!

आणि हो, एक कोडं देऊन ठेवते. पावशेरी डबा, कुकर, पत्र्याची पेटी आणि चंदेरी कागद, यांतल्या कशाकशात मोबाईल वाजतो आणि कशात गप्प राहतो? करून पाहा, वहीत तक्ता काढा, आणि प्रत्येकापुढे 'का?' याचं उत्तर लिहा. कुलाब्याच्या त्या वहीसारखी नेटकी नोंद हवी बरं का!